एकपदरी सूत

रविवारी लिंबायतला व्याह्यांकडे गेलो की पहिल्या दहा मिनिटांत मी विजूला मांडीवर ओढतो आणि त्याची मोजदाद करतो. विजू माझा नातू, माझ्या अलकाचा मुलगा, सात वर्षांचा. मांडीवर बसायचं आपलं वय गेलं हे त्याला कळतं, पण आजोबांना ते कळायचं नाही असं धरून तो निमूट बसतो. कानाच्या पाळ्या सुट्या, त्या आमच्या. कपाळ पुढे आलेलं, ते बिरारींचं, म्हणजे व्याह्यांकडचं. हसताना ओठ डावीकडे सरकतो तो माझ्या बायकोचा, म्हणजे आमच्याच बाजूचा. हट्ट बिरारींचा. अशी वाटणी मी तीसेक वर्षं दिसेल त्या पोराची करत आलोय. सुरतेतल्या आमच्या लोकांत बारसं असलं की निकुंभ मास्तरांना पाळण्यात वाकायला बोलावतात, आणि मी वाकून निकाल देतो. माझ्या निकालात चांगल्या गोष्टी आमच्याकडच्या जरा जास्त निघतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रविवारी मी पाळीवरून कपाळावर आलो होतो, तेवढ्यात अलका चहा घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, त्याचे डोळे बघा ना, किती लाल झालेत." मी विजूची हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. पापण्या सुजल्या होत्या. कडा ओल्या होत्या. बाकी डोळे मला डोळ्यांसारखे दिसले. "फार नाहीत," मी म्हणालो. अलकाने बशी खाली ठेवली, पण हात बशीवरून काढला नाही. "फार नाहीत?" ती म्हणाली. "मिरची चोळल्यासारखे झालेत, दादा."

चेहरा मी हलू दिला नाही. वर्गात तीस वर्षं उभा राहिलेला माणूस एवढं शिकतोच. मी विजूलाच विचारलं, काय झालं. तो शाळेतला निकाल सांगावा तसं म्हणाला, "मला रंग येत नाहीत. म्हणून आजी कांद्याचा रस नि मध घालते. सकाळी दोन थेंब, दिवेलागणीला दोन. आज अकरावा दिवस." मग अलकाने मागचं सांगितलं. शाळेत चित्राला त्याने झाडाची पानं तपकिरी रंगवली, बाईंनी छडी दिली. तो ज्यांना बाबा म्हणतो ते त्याचे इथले आजोबा, म्हणजे माझे व्याही भाईदास, त्याला कौतुकाने आपल्या सूत रंगवायच्या कारखान्यात घेऊन गेले आणि चार माणसांसमोर म्हणाले, जा, हिरव्या सुताची लच्छी आण. त्याने तपकिरी आणली. परत पाठवलं, परत तपकिरीच आणली. तिसऱ्या खेपेला भाईदासांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि घरी येऊन प्रमिलाबाईंना, म्हणजे विहीणबाईंना सांगितलं की पोराच्या डोळ्यांत मळ बसलाय, काढा. प्रमिलाबाईंचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते आईनेच पोराकडे लक्ष दिलं नाही, रंग शिकवले नाहीत. अलका हे सांगत होती तेव्हा स्वयंपाकघरात कांदा किसल्याचा आवाज येत होता. संध्याकाळच्या थेंबांची तयारी होती.

मी चहा प्यालो. चहा चांगला होता. मला चांगल्या-वाईटाची पारख नाही असं कुणी म्हणू नये. मला एक रंग सोडला तर बहुतेक गोष्टी इतरांपेक्षा जरा जास्तच दिसतात. कापडातला तुटका धागा मी हातभर लांबून दाखवतो. परीक्षेच्या हॉलमध्ये कुठल्या पोराचा श्वास बदलला ते मला पाठमोरा असताना कळतं. फक्त हिरवं आणि तपकिरी, लाल आणि मातकट, गुलाबी आणि करडं, अशा काही जोड्या आहेत ज्या जगाने वेगळ्या केल्या आहेत आणि माझ्या डोळ्यांनी केल्या नाहीत. अमळनेरला वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. नऊ वर्षांचा असताना त्यांनी मला एका मोठ्या घरच्या लाल पोलक्याची उसवण शिवायला दिली आणि मी ती हिरव्या दोऱ्याने शिवली, नीट, एकसारख्या टाक्यांनी. वडिलांनी पोलकं बघितलं, मला बघितलं, एक थप्पड दिली आणि आईला म्हणाले, ह्याच्या हाती सुई द्यायची नाही, ह्याला शाळेत घाला. माझं मॅट्रिक, बी.एस्‌सी., नोकरी, हे सगळं त्या एका थपडेवर उभं आहे. भावांनी मशीन चालवली, मी मास्तर झालो. तेव्हा मला त्या दोऱ्याचा राग येत नाही. पण गालाला अजून ती जागा माहीत आहे.

का असं ते मला पुष्कळ वर्षांनी, कॉलेजात, आनुवंशिकतेच्या पुस्तकात, रंगांधळेपणाच्या पानावर सापडलं. तोवर मी स्वतःला धांदरट समजत होतो. आकृती वाचताना मला आईचे वडील आठवले, धुडकू आजोबा. ते बाजारात आंबा घ्यायचे तो वासावरून, आणि टोपलीत हात घालून, डोळे जवळजवळ मिटून. लोक म्हणायचे, काय पारखी माणूस. पारखी कसला, पिकलेला आणि हिरवा त्याला एकच दिसत होता. आजोबांकडून आईला आलं आणि आईत दिसलं नाही, आईकडून मला आलं आणि माझ्यात दिसलं. आमच्याकडे भाट येतो, वंशावळ वाचतो, सात पिढ्या बापाचा बाप, त्याचा बाप असा शिडीने खाली उतरतो, आणि ही गोष्ट मात्र बायकांच्या पोटातून तिरकी जाते. भाटाच्या वहीत ती कधीच सापडणार नाही, कारण त्याच्या वहीत बायकाच नाहीत. मी त्या पानावर हसलो होतो, एकटाच, ग्रंथालयात. सगळ्या गावाला चकवणारी एक गोष्ट आपल्याला उलगडली याचा तो आनंद होता, आणि मी खरं सांगतो, त्यात दुःख फार थोडं होतं.

मग लपवणं तर सोपंच गेलं. नववीला वाटाण्याचा धडा घेताना पुस्तकात हिरवे आणि पिवळे दाणे असतात. मी वर्गात नेहमी गोल आणि सुरकुतलेले घेतले, ते बोटांना कळतात. पोरांना वाटायचं, सर डोळे मिटून दाणे निवडतात, काय सराव आहे. रंगांचं उदाहरण आलंच तर मी एखाद्या आगाऊ पोराला उभं करायचो, सांग रे हा कुठला, आणि ते पोर मोठ्या ऐटीत मलाच शिकवायचं. घरी मंगला होती. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी तिला मोरपंखी म्हणून जे पातळ आणलं ते बघून तिने विचारलं, तुम्हाला खरंच दिसत नाही का, आणि मी हो म्हणालो. तिच्यापुढे खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. त्यानंतर माझे कपडे, भाजी, टोमॅटो, सगळं तिच्या हाती गेलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि हे माहीत असलेला दुसरा माणूस जगात उरला नाही.

आता माझ्यापुढे जे येऊन बसलं होतं ते म्हणजे त्रेसष्ट सालचा एक दिवस. भाईदास बिरारी सुरतेत कलर मास्टर म्हणून नावाजलेले. गिऱ्हाइकाने चिंधी टाकावी आणि त्यांनी तो रंग कढईत उतरवून द्यावा, असा त्यांचा हात. मुलगी बघायला आले ते कांदेपोहे खायला नव्हे. पिशवीतून त्यांनी गुलाबी रंगाच्या बारा लच्छ्या काढल्या, सतरंजीवर पसरल्या आणि अलकाला म्हणाले, पोरी, फिकटापासून गडदापर्यंत लाव. त्यांच्या घरात सून अशी बघायची रीत होती. सुई ओवता येते का हे इतरांनी विचारावं, त्यांनी नजर विचारायची. नजर चांगली तर नातू कलर मास्टर, असा त्यांचा हिशेब. अलकाने चार मिनिटांत लावल्या, वर दोन लच्छ्या उचलून म्हणाली, ह्या एका घाणातल्या नाहीत. भाईदास खूश. मी भिंतीला टेकून बघत होतो आणि मला त्या बाराच्या बारा करड्या दिसत होत्या. मुलीची परीक्षा घेऊन नातवाच्या नजरेचं काहीही कळणार नाही हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. आत मंगलाने मला बाजूला घेतलं. "तुमचं सांगा त्यांना." मी म्हणालो, "विचारलं तर सांगेन. मास्तर आहे, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं नाही असं मीच शिकवतो." ती म्हणाली, "पोरीच्या पोरांचं काय?" मी म्हणालो, "अर्धी शक्यता. आणि अर्धी नाही." मला त्या वेळी स्वतःचं उत्तर फार आवडलं होतं.

अलका अजून समोर उभी होती. विजू माझ्या मांडीवरून उतरून बाहेरच्या ओट्यावर गेला होता. तिने हळू विचारलं, "दादा, तुम्हाला त्याचे डोळे लाल दिसले नाहीत ना?" मी म्हणालो, नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. गणित सुटत आलेलं पोर फळ्याकडे बघतं, तसं. "आई टोमॅटो तुम्हाला कधी आणू द्यायची नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडून." मी मान हलवली. "माझ्यातून?" मी पुन्हा हलवली. "लग्नाच्या वेळी माहीत होतं?" मी म्हणालो, "शक्यता माहीत होती. अर्धी." ती रागावली असती तर मला उत्तर होतं. ती रागावली नाही. "आणि तुम्ही आपल्याला सोयीची अर्धी धरलीत," ती म्हणाली, आणि रिकामी कपबशी उचलून आत गेली. अकरा दिवस ती विहिणीचं बोलणं ऐकत होती, पोराला धरून बसत होती, आणि आपण रंग शिकवले नाहीत म्हणूनच हे झालं असं मानत होती. मी ते अकरा दिवस सगरामपुऱ्यात माझ्या खोलीत नववीचे पेपर तपासत होतो.

भाईदास मागच्या खोलीतून उठून आले. रविवारची झोप झालेली, बनियनवर, हाताच्या रेषांत कधीच न जाणारा रंग. "मास्तर, कवय वनात?" कधी आलात, असं त्यांनी विचारलं. घरात ते अहिराणीच बोलतात, मीही खानदेशचाच, पण माझी अहिराणी शाळेच्या नोकरीत झिजली. त्यांनी विजूला हाक मारली आणि प्रमिलाबाई हातात वाटी घेऊन बाहेर आल्या. वाटीतला वास माझ्या डोळ्यांपर्यंत आला. विजू आपणहून आला, चटईवर उताणा झाला आणि त्याने दोन्ही मुठी आवळून कुल्ल्यांखाली दाबल्या, म्हणजे हात मध्ये येऊ नयेत. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अकरा दिवसांत त्याने स्वतः शोधून काढलं होतं. मला वाटलं, हे कुठून आलं, हे कुणाकडचं, आणि पहिल्यांदाच उत्तर शोधायची इच्छा झाली नाही.

"विहीणबाई, थांबा," मी म्हणालो. "मग ते थेंब माझ्याही डोळ्यांत घालावे लागतील."

"तुमले काय व्हयनं?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"त्याला जे झालंय तेच. जन्मापासून. कांद्याने जाणारं नाही ते. त्याच्याकडे ते माझ्याकडून आलंय."

भाईदास हसले. त्यांना वाटलं, मास्तर नातवाला वाचवतोय. "मास्तर, लाड करा, पन असा नही. तीस वरीस पोऱ्या शिकाडात तुम्हीन. रंग दिसत नही म्हने." मग प्रमिलाबाईंनीही साथ दिली, की आजोबा लोक असंच करतात, पोराच्या अंगावरची माशी आपल्या नाकावर घेतात. मी म्हणालो, विजूला ओट्यावर पाठवा. अलका त्याला घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. मी भाईदासांना म्हणालो, आता ह्या खोलीतलं मला विचारा, आणि मी काय बोललो ते कागदावर लिहा. मग त्याला बोलवा आणि तेच विचारा. ते कोपऱ्यातून पेन्सिल घेऊन आले, चेहऱ्यावर अजून चेष्टा होती. प्रमिलाबाईंच्या लुगड्याचा रंग? मी म्हणालो, दाराच्या पडद्याचा आहे तोच. प्रमिलाबाईंनी पदर उचलून पडद्याकडे पाहिलं. गादीवरची चादर? निळी. कोपऱ्यातली उशी? करडी. भिंतीवरच्या कॅलेंडरातलं गवत आणि त्यातली वाट? एकच रंग, वाट जरा फिकी. भाईदास लिहीत होते आणि हळूहळू त्यांची पेन्सिल सावकाश झाली. तो माणूस रंगांवर जगलेला; चूक कुठल्या दिशेला जाते हे त्याच्याइतकं कुणाला कळणार.

विजूला आत बोलावलं. त्याला वाटलं पुन्हा परीक्षा, तो ताठ उभा राहिला. आजीचं लुगडं? त्याने खोलीभर बघितलं आणि पडद्याकडे बोट केलं. "त्याच्यासारखं." चादर? "निळी." उशी? "राखाडी." गवत आणि वाट? तो कॅलेंडरापाशी गेला, नाक लावून बघितलं आणि म्हणाला, "सारखंच. वाट थोडी पांढरट." भाईदासांनी कागद प्रमिलाबाईंपुढे धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी तो बघितला. लुगडं हिरवं होतं, पडदा चॉकलेटी, चादर जांभळी आणि उशी गुलाबी, हे मला नंतर सांगण्यात आलं. बरोबर उत्तरं दोन माणसांची सारखी येतात, त्यात नवल नाही. चुका इतक्या सारख्या कॉपी केल्याशिवाय येत नाहीत, हे मी जन्मभर पेपर तपासून सांगतो. आणि आमच्यामध्ये दार लोटलेलं होतं.

"कसं काय?" भाईदास म्हणाले. आता चेष्टा नव्हती. मी त्यांना त्यांच्याच धंद्यातलं सांगितलं. म्हणालो, ह्या बाबतीत बाई दोनपदरी सूत असते आणि पुरुष एकपदरी. दोनपदरीत एक पदर कच्चा असला तरी दुसरा धरून ठेवतो, बाईला काही कळत नाही. एकपदरीत कच्चा आला की तुटलाच. माझा एकच पदर, तो कच्चा, मुलीला मी तोच दिला. माझ्याकडे दुसरा नव्हताच. तिला दुसरा चांगला पदर आईने दिला, म्हणून तिला सगळं दिसतं. मुलाला तिच्या दोनातला एक जाणार. कुठला, ते ना तिच्या हाती ना माझ्या. तुमच्या मुलाचा, सुकदेवचा ह्यात काही संबंध नाही, तुमच्या घराण्याचा नाही, आणि तिने शिकवलं नाही म्हणाल तर तेही नाही. हे मला तिच्या लग्नाआधी माहीत होतं, व्याही. मी सांगितलं नाही.

भाईदास तो कागद पुन्हा वाचू लागले. त्यांच्या कारखान्याचा, नातवाच्या हातात जायच्या कढईचा विचार करत असणार. मी ते स्वप्न मोडलं होतं आणि ते मला दिसत होतं. हे मला सगळ्या रंगांत दिसतं. "मास्तर," ते शेवटी म्हणाले, "आम्हीन सात पिढ्या इचारात, तुम्हीन सात पिढ्या सांगात. एक पोरगीना बापच ऱ्हायी गया." मी म्हणालो, "हो." त्यांनी मला आणखी काही बोलावं अशी मी वाट बघितली, ती माझी लायकी होती. पण ते प्रमिलाबाईंकडे वळले आणि त्यांनी नुसता हात पुढे केला. प्रमिलाबाईंनी वाटी दिली. भाईदास उठून मोरीत गेले, रस ओतला, वर तांब्याभर पाणी टाकलं. परत येताना ते अलकाच्या समोर थांबले, आणि सुनेशी कधी सरळ न बोलणारा तो माणूस भिंतीकडे बघत म्हणाला, "पोऱ्याना डोया थंड पानीघाई धोय, माय." प्रमिलाबाई उठल्या आणि पाणी त्यांनीच आणलं. ओला पंचा अलकाच्या हातात देताना त्यांनी तो आधी पिळून दिला.

विजूला एवढंच कळलं होतं की आज थेंब नाहीत. तो पंच्याखालून म्हणाला, "बाबा, मी नापास का?"

"दोन्ही नापास," भाईदास म्हणाले. "तू बी, तुना आजोबा बी. एकच वर्गमा." आणि मग, हसू आवरल्यावर, "कारखाना नही जमाव तुले. तुना आजोबासारखं मास्तर व्हय."

"पण मला बाई विचारतील. मग मला कोण सांगणार, लाल कुठला ते?"

"मी सांगसू. इचारत जाय. इचाराले काय लागस? नही दिसत ते नही दिसत."

मी पंचावन्न वर्षांचा. धुडकू आजोबांनी वासाने निभावलं, मी बोटांनी आणि आगाऊ पोरांकडून निभावलं. विचारलं कुणीच नव्हतं. विजूने पंचा बाजूला केला आणि लगेच सुरू झाला, हे कुठलं, ते कुठलं, खिडकीचे गज, तांब्याखालचं फडकं, आजीच्या बांगड्या, आणि भाईदास उकिडवे बसून एकेक सांगत होते, नुसतं हिरवा नव्हे तर पोपटी का मेंदी तेही, धंद्यातल्या माणसाच्या नेमकेपणाने. अलका दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिने मला माफ केलं होतं असं मी म्हणणार नाही. तो निकाल द्यायचा अधिकार माझा नाही. विजूला दम घ्यायला थांबावं लागलं. मी माझ्या अंगातला सदरा, मंगला गेल्यानंतर राजमार्गावरच्या दुकानातून मी स्वतः निवडून घेतलेला, आठवड्यातून दोनदा शाळेत घालून जातो तो, कोपराशी चिमटीत धरून पुढे केला.

"आणि हा, व्याही?"

भाईदासांनी कापड उजेडात धरलं, अंगठ्याने चोळलं. "गुलाबी," ते म्हणाले. "धोई धोईसन फिका व्हयना, पन गुलाबीच."

"करडा म्हणून घेतला होता," मी म्हणालो, आणि पँट दाखवायला उठून उभा राहिलो.